बेबीनंदाची ताकदीची गोळी

बेबीनंदा हे काही कुणी विचार करून ठेवलेलं नाव नव्हे. वाटूरच्या दवाखान्यात ती जन्मली तेव्हा नर्सबाईंनी कागदावर 'बेबी' लिहिलं. बारशाला आत्याने कानात 'नंदा' सांगितलं. शाळेत नाव घालायची वेळ आली तेव्हा बाप बेबीवर अडला, आत्या नंदावर, आणि दोघंही हटेनात. मास्तरांना जेवायला जायचं होतं. त्यांनी दोन्ही नावं जोडून लिहिली आणि रजिस्टर मिटलं. म्हणूनच ही बाई दोन बायकांइतकं बोलते, असं तिचा नवरा सर्जेराव गिऱ्हाइकांना सांगतो. सर्जेरावचं राजूरला गणपतीच्या वाटेवर नारळ, हार, पेढे नि केळीचं दुकान आहे. गाव तिथून दोन कोसांवर.

बोलणं म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. बेबीनंदाला मिठाचं फार. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला की ती आचाऱ्याकडे बघून मान हलवायची, आणि आचारी मिठाचा डबा शोधायला लागायचा. शेडनेटात कामाला जाणाऱ्या बायका तिच्यासमोर डबा उघडायला कचरायच्या. एकदाच, सात वर्षांपूर्वी, तिने दुर्गाकाकूंच्या कारळाच्या चटणीला 'जरा आळणी हाय' म्हटलं होतं. दुर्गाकाकू तीन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या चटणीपुढे बेबीनंदाने कायम तोंड मिटून खाल्लं.

हे शेडनेट गावातल्या कल्याण नावाच्या शेतकऱ्याचं. वीस गुंठ्यांवर पांढरी जाळी, आत मिरचीचा सीड प्लॉट. खायची मिरची नव्हे, बियाण्याची. मादी झाडांच्या ओळी वेगळ्या, नर झाडांच्या वेगळ्या. दुपारी बायकांनी मादी झाडाची उद्या उमलणारी कळी चिमट्याने हलकेच उघडायची, आतले निळसर नर, म्हणजे पुंकेसर, एकेक करून काढून टाकायचे आणि देठाला तांबडा धागा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी धागा दिसेल त्या फुलाला नर झाडाचे पराग लावायचे. याला क्रॉसिंग म्हणतात. पुढे मिरची पिकली की फक्त धाग्याची मिरची तोडायची. धागा म्हणजे बाईने दिलेली जबान. धागा आहे आणि आत नर राहून गेलाय, असं झालं तर त्या मिरचीचं बी भलतंच निघतं. कंपनीवाले बी लावून बघतात, भेसळ दिसली की अख्ख्या प्लॉटाचा माल नाकारतात.

बेबीनंदा अकरा वर्षं क्रॉसिंग करत होती. कळी फाटायची नाही, नर उरायचा नाही. अवघड ओळी कल्याण तिलाच द्यायचा. आसपासच्या चार गावांत 'हात असावा तर बेबीनंदाचा' असं बोललं जायचं. ते ऐकून ती वरवर म्हणायची, 'हाताला काय करता, त्वांडाचं बोला.' आतून तिला ते ऐकायला फार आवडायचं.

गेल्या उन्हाळ्यापासून हे सगळं कमी कमी होत गेलं. कारण विचाराल तर काही नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं. सकाळी उठावंसं वाटेना. भाकरी तोंडात फिरायची, चव म्हणून लागायची नाही. चुलीपुढे बसली की बसूनच राहायची. गावाला वाटलं, बाई पोक्त झाली. सर्जेरावला वाटलं, चला, घरात शांतता आली. पुरुषांना घरातली शांतता कशाची आहे, हे लवकर कळत नाही.

कळलं तृप्तीला. ही तिची मुलगी, जालन्याला राहून फार्मसीचं शिकते. सुटीला घरी आली, मुद्दाम आमटीत दुप्पट मीठ टाकलं आणि आईच्या ताटात वाढलं. आईने मुकाट्याने सगळी आमटी संपवली. तृप्ती न्हाणीघरात जाऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी आईला बसमध्ये घालून जालन्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास विचारपूस केली. मरावंसं वाटतं का, हेही विचारलं. बेबीनंदा म्हणाली, "मरावं असं न्हाई. पन सकाळी डोळा उघडला न्हाई तर बरं, असं वाटतंय." हे वाक्य ती मुलीसमोर पहिल्यांदाच बोलली आणि बोलून स्वतःच दचकली.

"हा आजार आहे बाई, नाटक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज एक गोळी, सकाळी न्याहारी झाल्यावर. नीट ऐका. पहिले दोन-तीन आठवडे गोळी त्रास देईल, गुण नंतर देईल. मळमळेल, हात कापेल, तोंड सुकेल, बेचैन वाटेल. बहुतेक आपोआप कमी होतं. सोसवेना झालं, नाहीतर ते डोळा न उघडण्याचे विचार वाढले, तर त्याच दिवशी फोन करायचा. मनाने बंद करायची नाही."

"बराबर," बेबीनंदा म्हणाली. न्याहारीचं ऐकून ती काही बोलली नाही. डॉक्टरीणबाईंना काय माहीत, क्रॉसिंगच्या बायका न्याहारी करत नसतात.

त्याचं असं आहे. दुर्गाकाकू या टोळीच्या म्होरक्या, वय साठीच्या पुढे, आणि त्यांचा एक कायदा होता: पराग लावून होईपर्यंत कुणी काही खायचं नाही. तेलातिखटाचा हात फुलाला लागला की पराग चिकटून बसतात, फूल गळतं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी साडेसहाला घरून कोरा चहा पिऊन निघायचं, अकराला काम उरकलं की झाडाखाली डबे सोडायचे. मीना नावाच्या एका बाईने एकदा वाटेत भजं खाल्लं होतं. दुर्गाकाकूंनी तिच्या बोटांचा वास घेतला आणि तिला तिथूनच घरी धाडलं. कायदा खरा की खोटा, हे तपासायला कुणी गेलं नाही. अकरा वर्षांत बेबीनंदानेही नाही.

तेव्हा गोळी सुरू झाली ती अशी: पहाटे पाचला, उपाशी पोटी, कोऱ्या चहाबरोबर.

गोळ्यांची पट्टी तिने तांबड्या धाग्यांच्या डबीत ठेवली. घरात सर्जेरावच्या नजरेला पडली तेव्हा म्हणाली, "ताकदीच्या हायेत. डॉक्टरनं रक्त कमी सांगितलं." डोक्याची गोळी म्हटलं की गाव डोकं फिरलं असंच समजतं, आणि पोरगी लग्नाची. झाकली मूठ सव्वा लाखाची. सर्जेराव म्हणाला, "मंग मलाबी एक दे की. गुडघे लई दुखून राह्यले."

"बायकांच्या ताकदीच्या हायेत त्या!" ती ओरडली. इतक्या दिवसांनी ती ओरडली म्हणून सर्जेराव खूश झाला आणि गुडघे चोळत दुकानाला गेला.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोटात ढवळायला लागलं. ओळीच्या टोकाला जाऊन ती दोनदा ओकली, पाण्याखेरीज काही पडलं नाही. तिसऱ्या दिवसापासून तोंडाला अशी कोरड पडली की जीभ टाळूला चिकटायची. घाम यायचा, जांभया यायच्या, आणि जांभई देताना जबडा थरथरायचा. हे सगळं तिने सोसलं असतं. बाळंतपण सोसलेल्या बाईला ओकारीचं काय एवढं!

तिला सोसवेना ते पायातलं. पाचव्या दिवसापासून तिला बसवेना. बसली की उठावं वाटे, उठली की चालावं वाटे, चालली की कुठं जायचं ते कळेना. पोटऱ्यांत मुंग्या भरल्यासारख्या वळवळायच्या. घरात ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. देवळात गेली तर आरती संपेपर्यंत उभं राहवेना, अर्ध्या आरतीतून बाहेर. बसमध्ये बसली आणि पुढच्या थांब्यावर उतरून उरलेला रस्ता पायी आली. आधी जिवाला जडपणा होता, आता जिवाला थाराच नव्हता. आगीतून निघून फुफाट्यात पडली, असं तिला वाटे, आणि त्या डॉक्टरीणबाईंचा राग राग यायचा. गुण यायचा तेव्हा येईल, पण तोवर ही बाई उरायला नको का?

तृप्तीचा रोज संध्याकाळी फोन. "आई, कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"न्याहारी करून घेतेस ना?"

"हो ना गं. तू जेवलीस का?" आणि फोन ठेवायची घाई. खोटं बोलताना तिला जागेवर उभं राहता येत नव्हतं. तसं खरं बोलतानाही येत नव्हतं.

आणि हात. सगळ्यांत वाईट हात. सहाव्या दिवशी दुपारी चिमटा कळीत घातला आणि कळी फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. चिमट्याची टोकं एकमेकांवर वाजायला लागली, बारीक टिकटिक, तिला वाटलं अख्ख्या शेडनेटात ऐकू जातेय. तिने कोपर बरगडीला दाबून धरलं, श्वास रोखला आणि काम केलं. पाय थांबू देत नव्हते, हात कळी धरू देत नव्हते, आणि मागे कल्याण फेऱ्या मारत होता.

"ताई, तुमची ओळ मागं राह्यली आज," तो म्हणाला. टोचून नव्हे, साधंच. पण तिला ते दिवसभर लागून राहिलं.

त्या संध्याकाळी तिने डबी उघडून हिशेब मांडला. गोळी चालू ठेवली तर हात जातो. हात राखायचा तर गोळी सोडावी लागते. हात गेला तर बेबीनंदाचं काय उरतं? आणि गोळी सोडली तर पुन्हा ती सकाळ, डोळा न उघडला तर बरं वाटणारी. पट्टी तिने दोनदा केराच्या टोपलीत टाकली आणि दोनदा काढली. दुप्पट मिठाची आमटी तिला आता आठवत होती. त्या दिवशी तृप्तीचं तोंड कसं झालं होतं, तेही आठवत होतं. तिने पट्टी परत धाग्यांत दडवली आणि ठरवलं, जल्दी काम करायचं. हात कापायच्या आत कळी उरकायची.

नवव्या दिवशी सकाळी ती पराग लावत ओळीतून चालली होती. चालणं कसलं, पळणंच. धागा दिसला, फूल धरलं, पराग लावला, पुढे. धागा, फूल, पराग. सातव्या झाडावर एक फूल धरलं आणि बोट तिथंच थांबलं.

देठाला तांबडा धागा होता. गाठ तिचीच, दोन वेढ्यांची. आणि फुलात नर जसेच्या तसे, सगळे, निळे, फुटून पूड सांडणारे.

तिने धागा बांधला होता आणि कळी उघडलीच नव्हती.

पुढचं फूल बघितलं, ठीक. त्याच्या पुढचं ठीक. चौथ्यात एक नर उरलेला. ती मागे फिरली. कालचं फूल असं, तर परवाचं? तेरवाचं? त्या फुलांच्या पाकळ्या गळून पडल्या होत्या, आत हिरवे टाचणीएवढे दाणे धरले होते. कुठल्यात काय राहून गेलं, हे आता देवालाच माहीत.

कुणी बघितलं नव्हतं. शेजारच्या ओळीत मीना पाठमोरी होती. ते एक फूल खुडून मातीत दाबलं असतं तर गोष्ट संपली असती, निदान माल तपासून येईपर्यंत. आणि भेसळ निघाली असती तेव्हा दोष वीस बायकांत वाटला गेला असता. बेबीनंदाच्या मनात हे आलं नाही असं नाही. आलं, आणि दोन मिनिटं राहिलं. त्या दोन मिनिटांत ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेली. मग तिने कंबरेची कात्री काढली आणि पहिल्या झाडापासून आपले धागे कापायला सुरुवात केली. धागा आणि फळ, दोन्ही. खाली माती तांबडी व्हायला लागली.

मीनाने वळून बघितलं आणि ती किंचाळली. "अगं बया! ही काय करून राह्यली! कल्याणभाऊ!"

कल्याण धावत आला, मागून दुर्गाकाकू आणि सगळी टोळी.

"ताई, हे काय हाय?"

"तीन दिवसांचे माझे सगळे धागे कापायचे," बेबीनंदा म्हणाली. कात्री थांबत नव्हती. "नर राह्यलेत आत. दोन म्या डोळ्यानं बघितले. बाकीच्याचा भरवसा न्हाई."

"राह्यले कसे? तुमच्या हातून?"

आता सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. तिला वाटलं होतं, बोलताना रडू येईल. रडू आलं नाही, राग आला. "हात कापून राह्यला माझा. बघा!" तिने कात्रीसकट हात पुढे केला, तो खरंच लटलट कापत होता. "गोळी चालू हाय मला. ताकदीची न्हाई, डोक्याची. मन मरून गेल्तं माझं, म्हणून चालू केली. तिनं हात कापतो, पोट ढवळतं, पाय एका जागी ठरंना. सोडू म्हन्लं तरी सोडवंना. आता बोला काय बोलायचं ते."

मीना अर्धं पाऊल मागे सरकली. कल्याणने रागाने बादलीला लाथ घातली. तीन दिवसांचं काम, ते चांगल्या ओळीतलं, त्याचा राग खोटा नव्हता. "आधी सांगाया काय झाल्तं, ताई? मी दुसरी ओळ दिली असती!" आणि मग, थोडं थांबून, "पर सांगितलं, हे बरं केलं. न्हाई तर अख्खा प्लॉट गेला असता."

दुर्गाकाकूंनी मात्र वेगळंच विचारलं. "गोळी कवा घेती तू?"

"पाचला."

"काय खाऊन?"

बेबीनंदाने कात्री खाली केली. "काय खाऊन म्हंजी? तुमचाच कायदा हाय ना, काकू? चहावर घेती."

दुर्गाकाकू तडक बाहेरच्या झाडाकडे गेल्या, आपलं फडकं सोडलं आणि भाकरी-चटणी घेऊन भर शेडनेटात परत आल्या. सकाळचे पावणेआठ वाजले होते. परागाचं काम अर्धंही झालं नव्हतं.

"खा."

"काकू, पराग..."

"परागाला आग लागो. हात साबणानं धुता येतो. बस, खा. बसवत नसंल तर उभ्यानं खा."

तिने उभ्याने खाल्लं, फेऱ्या घालत, घास घशात ढकलत. चव नव्हतीच. बाकीच्या बायका आ वासून बघत होत्या. भजं खाल्लेली मीना तर फारच.

तिने तिथूनच तृप्तीला फोन लावला आणि सगळं कबूल केलं. तृप्ती आधी चिडली, मग डॉक्टरीणबाईंशी बोलून तासाभरात परत फोन केला. उपाशी पोटी बिलकुल घ्यायची नाही. कोरा चहा कमी करायचा. पायाची बेचैनी एवढी आहे तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता चार दिवस अर्धी गोळी, मग पुन्हा पूर्ण, आणि सोमवारी येऊन दाखवायचं. "आई, तू खोटं बोललीस माझ्याशी," तृप्ती म्हणाली. "हो," आई म्हणाली.

बातमी ती घरी पोचायच्या आत राजूरला दुकानात पोचली. सर्जेराव संध्याकाळी आला तो तोंड फुगवून. "गिऱ्हाइकाकडून कळलं मला. मला ताकदीची म्हन्ली तू."

"तुम्हाला सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

त्याने दुकानाच्या किल्ल्या खुंटीला अडकवल्या. "काय केलं असतं, ते मलाबी ठाव न्हाई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे गोळीच्या डबीजवळ एक केळ ठेवलेलं असायचं, दुकानातलं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी म्हणेल तर तो खोटं बोलतो. कल्याणने तिच्या ओळी मीनाला दिल्या. दुपारचं कळीचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि सकाळी नर फुलं तोडून आणायला लावलं, जे काम नवख्या पोरी करतात. ते तिला फार झोंबलं. पण फुलं तोडायला चालावं लागतं, आणि पायाला चालणंच हवं होतं. मळमळ तीन-चार दिवसांत गेली. पायातली वळवळ सावकाश कमी झाली, एखाद दिवशी परत यायची. हात कापायचा, पण टिकटिक ऐकू येईनाशी झाली. गावातल्या दोघीतिघी तिला पाहून आवाज खाली करायच्या. टोळीतली एक बाई मात्र नर ओळीत तिच्याजवळ येऊन हळूच विचारून गेली, त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात म्हणून.

रोज पावणेआठला दुर्गाकाकू फडकं सोडायच्या. आता सगळ्याच बायकांना तेव्हा अर्धी भाकरी आणि मग साबणाने हात, असा नवा कायदा झाला होता. दुर्गाकाकू तो जुन्याइतक्याच कडकपणे पाळायला लावायच्या, जसा काही तोच पहिल्यापासून होता.

सव्विसाव्या दिवशी सगळ्या खायला बसल्या होत्या. बेबीनंदाही बसली होती, तेवढा वेळ बसली होती हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. भाकरीवर दुर्गाकाकूंची चटणी घेतली, घास तोंडात घातला, चावला. मग चावायची थांबली. पुन्हा थोडी चटणी बोटावर घेऊन जिभेला लावली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काकू," ती म्हणाली, "राग मानू नका. पन मीठ कमी हाय."

मीनाचा घास हातातच राहिला. सगळ्यांनी दुर्गाकाकूंकडे बघितलं. दुर्गाकाकूंनी फडक्यावरची चटणी बघितली, मग बेबीनंदाचं तोंड बघितलं, आणि बघता बघता म्हातारीचे डोळे भरून आले.

"सात वर्सांपासनं कमी हाय, बेबे," त्या म्हणाल्या. "उद्या तूच करून आण."